सिद्धोधन सर आणि ‘प्यायलाय’ची भानगड

परभणीजवळच्या पूर्णेत सिद्धोधनला दोन नावं आहेत. कॉलेजातली पोरं त्याला ‘सर’ म्हणतात आणि उरलेलं गाव ‘ते फुकट कॉम्प्युटर करणारे’ म्हणतं. दुसऱ्या नावात खोट काढायला कुठं जागा नाही, आणि तीच त्याची खरी अडचण आहे.

पोटासाठी तो कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास घेतला तर सर, नाही घेतला तर घरचा. उरलेल्या वेळात तो जे करतो ते समजावून सांगताना भल्याभल्यांचे चहा गार झालेत. जगात काही सॉफ्टवेअरं अशी आहेत की त्यांना मालक नसतो. कुणीही वापरावीत, कुणीही उघडून आत डोकवावं, ज्याला काही खटकलं त्यानं दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती सगळ्यांना वाटून टाकावी. त्याला ओपन सोर्स म्हणतात. त्यातल्याच एका लिहिण्याच्या सॉफ्टवेअरला मराठीचा स्पेलचेक आहे. शब्द चुकला की खाली लाल रेघ ओढतो. त्या स्पेलचेकात सिद्धोधन शब्द घालतो, नियम लिहितो आणि दुसऱ्यांनी घातलेली घाण उपसतो.

एवढं ऐकून घेतल्यावर समोरचा शांतपणे विचारतो, “मंग तुमाला काय भेटतं त्याच्यातून?”

इथं सिद्धोधनची भुवई उडते. सासऱ्यांना त्यानं एकदा सांगितलं, की शिकायला मिळतं. तेव्हापासून सासरे आले की मूळव्याधीची चौकशी करावी तशा दबक्या आवाजात विचारतात, “ते तुमचं शिकणं अजून चालूच हाय का?” प्राचार्यांना सांगितलं, की नाव होतं. प्राचार्य म्हणाले, “कुठं?” बायकोला, सुकेशनीला, सांगितलं की हे एक प्रकारचं समाजकार्य आहे. सुकेशनी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सांभाळून, दोन जीप बदलून घरी येते. ती म्हणाली, “लोकांचे नवरे पत्ते खेळतात. पण डाव संपला की उठून तरी येतात.”

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. खरं कारण होतं वैताग.

सुरुवात झाली ती सुलाबाईमुळं. सुलाबाई म्हणजे सिद्धोधनची आत्या. विहाराच्या कमिटीनं ठरवलं की जयंतीला म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींची पुस्तिका काढायची, आणि ‘कॉम्प्युटरवालं आपल्याकडं हायच’ म्हणून काम सिद्धोधनच्या गळ्यात पडलं. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन आत्यापुढं बसला. आत्या तिच्या लग्नाचं सांगायला लागली. “पाव्हणे यायलेत, पोरं रेल्वेचं इंजिन बघायला पळायलेत, अन् मी आपली एका कोपऱ्यात रडायलेय.” सिद्धोधननं जसंच्या तसं टाइप केलं. बघता बघता सगळं पान लाल झालं, अंगणात मिरच्या वाळू घातल्यासारखं.

आत्यानं चष्मा सावरून विचारलं, “हे लाल काय रे?”

“ते म्हणतंय तू चुकायलीस.”

“आगं बया! लगीन माझं, रडले मी, अन् चुकलं कसं मी?”

सिद्धोधननं आधी ठरवलं की हे बनवणाऱ्या कंपनीला चार खरमरीत ओळी लिहायच्या. शोधायला गेला तर कंपनीच नाही! पगारी माणूस नाही, तक्रारपेटी नाही, साहेब नाही. त्याच्यासारखीच आठ-दहा रिकामटेकडी माणसं, आपापल्या घरी बसून, फुकटात हे चालवत होती. त्यांच्या पानावर त्यानं तरीही आपला संताप ओतला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘सूचनेबद्दल आभार. आपणच नियम लिहून पाठवावा.’

ओपन सोर्समध्ये माणूस असा सापडतो. दुसरीकडं तक्रार केली की तुम्हाला हाकलून देतात. इथं तक्रार करणाऱ्याच्या हातात झाडू देतात.

झाडू हातात आला तसा सिद्धोधन झाडायला लागला. आधी रागानं, मग इरेला पेटून, आणि पुढं पुढं कशासाठी ते त्याचं त्यालाच आठवेना. सोबतीला नागनाथ मिळाला. नागनाथ रेल्वेत तिकीट खिडकीवर बसतो, गळ्यात तुळशीची माळ आहे, सुपारीचंसुद्धा खांड तोंडात टाकत नाही. त्याला कारण विचारलं तर म्हणतो, “तंबाखू न्हाई, बिडी न्हाई. एखादं तरी व्यसन पाहिजे ना सर माणसाला?” दोघांनी मिळून परभणीपासून पाथरीपर्यंतच्या गावांची नावं त्यात घातली, पिकांची घातली, भांड्यांची घातली. सगळं आत घेतलं गेलं. आत गेलं नाही ते फक्त एकच, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला होता: करायलाय, जायलाय, रडायलेय.

ते अडवून धरलं होतं व्ही. आर. सरांनी.

व्ही. आर. हे त्या स्पेलचेकचे सर्वांत जुने कारभारी. पुण्यात राहतात, निवृत्त इंजिनिअर, एवढीच माहिती. काय आत घ्यायचं आणि काय नाही, याच्या चाव्या त्यांच्याकडं. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा लावत नसत. काळ्या चौकटीत नुसती दोन अक्षरं दिसत आणि त्यातून व्याकरणाच्या पुस्तकाला कंठ फुटावा तसा आवाज येई. सिद्धोधननं पाठवलेल्या नियमावर त्यांचा शेरा होता, ‘अशुद्ध. करायला लागला आहे असे लिहावे.’

सिद्धोधननं लिहिलं, ‘सर, “करायला लागला आहे” म्हणजे आत्ता सुरुवात केली. आमचा माणूस सुरुवात कवाच करून बसलाय. तो करायलाय.’

‘मग “करत आहे” असे लिहावे.’

‘करत आहे म्हणणारी आमची आत्या न्हाई.’

‘आत्यांसाठी प्रमाणभाषा बदलता येत नाही.’

हे वाक्य वाचून सिद्धोधन तिरमिरीत उठला आणि घराला तीन चकरा मारून परत येऊन बसला. ओपन सोर्समध्ये पटलं नाही तर एक वाट असते. सगळं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलायचं, आपल्या नावानं वेगळं चालवायचं. याला फोर्क म्हणतात. आपल्याकडं याला वेगळी चूल म्हणतात. फरक इतकाच, की इथं वाटणीत भांडी फुटत नाहीत. दोघांनाही सगळी भांडी मिळतात.

“मी वेगळी चूल मांडतो,” त्यानं जाहीर केलं.

सुकेशनी वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “मांडा की. आपल्या चुलीवर आत्याचं लाल जाईल. तिकडं पुण्यात मात्र लालच राहील.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिकडं ती चुकलेलीच. तुमी फक्त पोरांना समजावता तसं तिला समजावायलात, की आपल्या घरात तू बरोबर हायेस.”

बायको मास्तरीण असली की असं होतं. सिद्धोधन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, पण चूलही मांडली नाही. शब्द मराठीच्या शेजारी नको होता त्याला, मराठीच्या आत हवा होता. शेवटी ठरलं की रविवारच्या मीटिंगला हा एकच विषय घ्यायचा आणि काय तो निकाल लावायचा. बाकीच्यांची मतं फिरायला लागली होती. पुण्याची मनिषा, जी पत्रव्यवहार बघायची, तिनंही कळवलं होतं की या वेळी होईल बहुतेक.

रविवारी सकाळी नागनाथ सिद्धोधनच्या घरी आला. मीटिंग सुरू झाली तेव्हा तो बाहेर ओसरीत बशी फुंकत बसला होता. चहा ही या माणसाची एकमेव कमजोरी.

मनिषानं विचारलं, “नागनाथ दिसत नाहीत?”

सिद्धोधन कागद लावत होता. सहज म्हणाला, “हाय की. बाहेर बसून प्यायलाय.”

मनिषानं घड्याळाकडं बघितलं.

“आत्ता? सकाळी?”

“सकाळचंच तर लागतं त्याला. आल्यापासून दुसरी खेप हाय.” मग मित्राची बाजू घ्यावी म्हणून पुढं म्हणाला, “माणूस लय चांगला हो. पण एवढं एक सुटत न्हाई त्याचं. आमच्या घरच्यांनी लय सांगून बघितलं.”

पडद्यावरचे चेहरे एकमेकांकडं बघायला लागले. एकजण खोकला. व्ही. आर. यांच्या काळ्या चौकटीतून काहीच आवाज आला नाही. तेवढ्यात नागनाथ मिशा पुसत आत आला, खुर्चीत बसला आणि कॅमेऱ्यात तोंड घालून प्रसन्नपणे म्हणाला, “चला, आता डोकं चालंल!”

मनिषा म्हणाली, “आपण... हा विषय पुढच्या वेळी घेऊ या का?” आणि मीटिंग संपली.

का संपली ते दोघांनाही कळलं नाही. सिद्धोधननं नेटला शिव्या घातल्या, नागनाथनं पुणेकरांना. उलगडा झाला मंगळवारी. नागनाथ तिकीट खिडकीवरून थेट कॉलेजात आला. चेहरा असा, जणू कुणी माळ तोडली. त्यानं मोबाईल पुढं केला. मनिषाचं पत्र होतं, फार मायेनं लिहिलेलं. ‘आपल्या प्रकल्पात सर्वांचे स्वागत आहे. व्यसन हा आजार आहे, दोष नव्हे. आपण मदत घेण्यास संकोच करू नये.’ खाली एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर.

“सर, माझ्या मोबाईलवर हे राजेश्रीनं वाचलं,” नागनाथ म्हणाला. राजेश्री म्हणजे त्याची बायको. “कालपासून माझा वास घ्यायलीय ती. मी पूजेला बसलो तरी मागून येऊन वास घ्यायलीय!”

“पण तू तर...”

“तुमी काय सांगितलं त्यांना?”

“काय सांगणार? प्यायलाय म्हणालो. चहा.”

“चहा म्हणालात?”

सिद्धोधननं आठवून बघितलं. चहा हा शब्द तेवढा राहिला होता. आणि मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. पुण्याकडं ‘तो प्यायलाय’ म्हणजे माणूस झिंगलाय. आपल्याकडं झिंगलेला माणूस ‘पिलाय’ असतो. ‘प्यायलाय’ म्हणजे कप अजून हातात आहे. ज्या रूपासाठी दोन वर्षं डोकं फोडलं, त्यानंच ऐन मीटिंगमध्ये पाय ओढला होता.

त्यानं तिथंच, कॉलेजच्या लॅबमध्ये बसून, सगळ्यांना पत्र लिहिलं. आधी नागनाथच्या अब्रूचा खुलासा केला. मग ‘पिलाय’ आणि ‘प्यायलाय’ यांतला फरक मांडला. मग लिहिलं, ‘जो शब्द आम्ही एका अर्थानं बोलतो आणि तुम्ही दुसऱ्या अर्थानं ऐकता, तो अशुद्ध नसतो. त्याला अर्थ असतो म्हणूनच घोटाळा होतो. आता हा नियम आत घ्या, नाही तर मला मोकळं करा. मी दमलो.’ शेवटचं वाक्य लिहायचं नव्हतं. बोटांनीच लिहिलं.

गुरुवारी दुपारी, लॅबमध्ये लाईट नव्हती म्हणून पोरं पळून गेली होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मी व्ही. आर. बोलतोय. नागनाथरावांची क्षमा मागायची होती. त्यांचा क्रमांक...”

तोच व्याकरणाचा आवाज. सिद्धोधन सरसावून बसला. दोन वर्षांचं सगळं साठवून ठेवलं होतं त्यानं. तोंड उघडणार, एवढ्यात पलीकडून एका बाईंचा आवाज आला, “अवो, या की! वरण गार व्हायलंय!”

आणि व्ही. आर. सरांनी फोनवर हात न ठेवता ओरडून उत्तर दिलं, “थांब ना गं, बोलायलोय ना!”

सिद्धोधननं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. 

“सर,” सिद्धोधन हळूच म्हणाला, “तुमी कुठले?”

“पुण्याचा.”

“मूळचे?”

मग आवाज बदललाच. इस्त्री मोडल्यासारखा झाला. “सेलूचा. कापसाच्या जिनिंगच्या मागं घर होतं आमचं. व्ही म्हणजे व्यंकटराव. पुण्यात कुणाचं नाव व्यंकट असतं का हो? तवापासून व्ही. आर.”

“म्हणजे त्या दिवशी मीटिंगमध्ये...”

“कळलं होतं मला. एकट्या मलाच कळलं होतं.”

“मंग बोलला का न्हाईत!” सिद्धोधन इतक्या जोरात ओरडला की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला.

“बोललो असतो तर कसं कळलं ते सांगावं लागलं असतं,” व्यंकटराव म्हणाले. “मी हॉस्टेलला गेलो ना, पहिल्याच आठवड्यात रेक्टरनं विचारलं, तुझा रूममेट कुठंय? मी म्हणालो, प्यायलाय. दूध प्यायला होता बिचारा. रेक्टर काठी घेऊन वर गेला. त्यानंतर मला कुणी नावानं हाक मारली न्हाई. जेवायला गेलो तरी, आला बघा प्यायलाय.”

सिद्धोधनला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं.

“मंग मी एकेक शब्द घासून काढला,” व्यंकटराव सांगत होते. “हे स्पेलचेक निघालं तवा वाटलं, चला. खेड्यातून येणाऱ्या पोराला लोक हसण्याआधी मशीनच घरात सांगंल, की बाबा, हे लिहू नको. गपचूप. कुणी बघायच्या आत. लाल रेघ मी त्याच्यासाठी ओढली हो. तुमच्या आत्याला हिणवायला न्हाई.”

हा सगळ्यात मोठा वैताग होता. दोन वर्षं ज्या माणसाशी मनातल्या मनात भांडण केलं, ज्याच्यासाठी आंघोळ करताना वाक्यं रचली, तो समोर आला तर आपल्याच जिल्ह्यातला निघाला, आणि त्यालाही तेच दुखत होतं. सिद्धोधन लाल रेघ पुसायला निघाला होता, व्यंकटराव बोली झाकायला. कारण दोघांचं एकच. आता चिडावं तरी कुणावर?

“सर, पण त्या पोरानं लिहिलं न्हाई म्हणून लोक हसायचे थांबले का?” सिद्धोधननं विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

“न्हाई,” व्यंकटराव म्हणाले. “म्हणून तर सकाळीच तुमचा नियम आत घेतला. करायलाय, जायलाय, प्यायलाय. सगळे. उद्यापासून कुठंच लाल दिसणार न्हाई. पुण्यातसुद्धा.”

दोन वर्षांत या क्षणासाठी सिद्धोधननं बरीच भाषणं तयार केली होती. तोंडातून आलं एवढंच, “बरं.”

“अन् चाव्या तुमच्याकडं दिल्यात.”

“कसल्या चाव्या?”

“सगळ्या. आता काय घ्यायचं, काय न्हाई, ते तुमी ठरवायचं. तुमी एकदाच दमलात, मी कवाचा दमलोय.”

“सर, मला नको! मी तर सोडायलो होतो. पत्रात लिहिलं ना मी!”

“वाचलं. असंच पत्र मीबी दोनदा लिहिलं होतं. कुणाला पाठवावं ते कळंना. तुमचं बरं हाय, तुमाला मी तरी होतो.” आणि मग आत वळून, “आलो गं, आलो.” फोन ठेवला.

लाईट आली. सिद्धोधननं मशीन सुरू केलं आणि आत जाऊन बघितलं. चाव्या खरंच आल्या होत्या. चाव्यांसोबत न सोडवलेल्या तक्रारींचा ढीगही आला होता. घरी काय सांगायचं? सासऱ्यांना काय सांगायचं, की मला बढती मिळाली, पहिले मी फुकट हमाल होतो, आता फुकट मुकादम झालोय?

ढिगाच्या अगदी वर वाशिमकडच्या कुण्या माणसाची तक्रार होती. ‘काहून भाऊ, “बोलून रायलो” लिहिलं का “रायलो” लाल करून रायलं तुमचं यंत्र? आमी काय मराठी नाही काय?’

सिद्धोधनच्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, याला सरळ ‘राहिलो’ लिहायला काय होतं? बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. ‘अ’ पडला, ‘शु’ पडला, आणि तो थांबला. पडद्यावर ‘अशु’ बघत राहिला. मग खोडून लिहिलं, ‘सूचनेबद्दल आभार. आपणच नियम लिहून पाठवावा.’ हे पाठवल्यावर त्याला जरा बरं वाटलं. झाडू दुसऱ्याच्या हातात देण्यात काय सुख असतं ते पहिल्यांदाच कळलं.

पाच मिनिटांत उत्तर. ‘मले कॉम्प्युटर येत नाही भाऊ. मी जनावराचा डॉक्टर आहो. आता एका म्हशीपाशी उभा आहो. तुमीच करा.’

सिद्धोधननं खुर्ची मागं सारली. खिडकीपाशी गेला. शिपाई व्हरांड्यात पंख्याखाली आडवा झाला होता, त्याच्याकडं हेव्यानं बघितलं. नाही म्हणायचं, बस. एका ओळीत नाही म्हणायचं आणि घरी जायचं. या माणसाशी आपलं काय नातं? वाशिमला आपण कधी उतरलोसुद्धा नाही. त्याच्या म्हशी त्याला, आपले तास आपल्याला.

पण ‘रायलो’खाली ती लाल रेघ दिसत होती. एकदा दिसली की दिसतच राहते, दातात अडकलेल्या धाग्यासारखी.

तो परत येऊन बसला. एका हातानं कपाळ दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं: ‘बरं. मी रायलो, ते रायले. बाई असली तर काय म्हणता?’